आकृती नसलेला प्रश्न

शिक्षक मित्रांनो, आज नववीचे विज्ञानाचे पेपर तपासले. पेपर मीच काढला होता. म्हणजे मागच्या वर्षीचाच, तारीख बदलून.

झेरॉक्स काढताना 'आकृतीवरून आरसा ओळखा' या प्रश्नाची आकृतीच सुटली. तरी शेलूबाजारला ट्यूशन लावलेल्या सगळ्यांनी लिहिलं, अंतर्गोल आरसा. अगदी बरोबर.

एका मुलीनं मात्र लिहिलं, "सर, आकृती दिसून नाही राह्यली." तिचे आईवडील ऊसतोडीला गेलेत. तिला जुना पेपर कोण आणून देणार?

स्टाफरूममध्ये सांगितलं, तर "सर, तुमी कायले एवढं मनावर घेता," म्हणून सगळे घरी निघून गेले.

एकट्यानंच बसून तिला पूर्ण गुण दिले. वर्गात पेपर तिनं एकटीनं वाचला होता. मी तर काढतानाही वाचला नव्हता. तुम्ही वाचता का?