बाभळी कोण पेरतंय

आमच्या मालकांना कुणी चहा दिला तर ते आधी देणाराच्या तोंडाकडं बघतात, मग कपाकडं. खोटं वाटत असंल तर या एकदा घरी. पाव्हणा दारात आला की "द्या, द्या" म्हणत त्याची पिशवी हातात घेणार अन् हळूच वजनाचा अंदाज घेणार. जाताना पुन्हा तीच उचलून देणार, पिशवी जड झाली का ते कळावं म्हणून! लोकांना वाटतं, शेषेराव लई अगत्याचा माणूस. मी आपली पदर तोंडाला लावून गप.

पहिल्यापासून असे नव्हते ते. लग्न झालं तवा दार सताड उघडं टाकून रानात जायचे. हे सगळं भूकंपानं केलं. औसा तालुक्यातलं आमचं गाव, दगडमातीचं माळवदाचं घर. पहाटे ते आख्खं यांच्या अंगावर आलं. मी लेकरं घेऊन माहेरी होते म्हणून वाचले. शेजारी जिलानी राहायचा, कोळशाची भट्टी लावणारा. त्याचं घर पत्र्याचं, ते हललं पण उभं राहिलं. तो पहार घेऊन धावत आला अन् एकट्यानं दगड सारून यांना बाहेर ओढलं. पाय मोडला तो मोडला, जीव तर राहिला.

पुढं ढिगारा उपसला. ट्रंक सापडली, लुगडी सापडली, माझी बोरमाळ काही सापडली न्हाई. मी म्हणलं, माणूस हाती लागलं, सोनं गेलं तर जाऊ द्या. हे मात्र अडकून बसले. "तारा, ढिगाऱ्याला पहिला हात कुणाचा लागला?" एवढंच म्हणले, तेबी फक्त मला.

"जीभ झडंल तुमची," मी म्हणलं. पुन्हा तो विषय निघाला न्हाई. पण पिशव्या उचलायची खोड लागली ती तवापासून.

गाव नव्या जागी गेलं, रान मात्र जुन्या गावाला लागून राहिलं. लंगडत्या पायानं यांचं तिकडं रोजचं जाणं होईना. रान पडीक पडलं अन् त्यात येडी बाभळ घुसली. आपली गावरान बाभळ न्हवं ही. बोटभर काटा, अन् वरनं तोडली की बुडातनं चौपट फुटणार. बघता बघता सगळं रान झाकून गेलं. शेवटी जिलानीच घरी आला. "भाऊ, मी तोडतो, बुडखेबी उकरून काढतो. मजुरी नको. लाकूड माझं, रान तुझं."

झालं! फुकट म्हणलं की यांच्या मनात पाल चुकचुकली. "बुडखे कशाला उकरतो गं हा? वरचं लाकूड न्यावं अन् जावं." आहो, बुडखा राहिला तर बाभळ पुन्हा फुटते, अन् बुडख्याचा कोळसाबी भारी होतो. लहान लेकराला कळंल ते यांना कळंना. जिलानी खड्डा उकरायचा अन् हे काठावर बसून आत डोकावायचे.

रान मोकळं झालं. जाताना जिलानी म्हणला, "भाऊ, बाभळीच्या शेंगा पिकल्यावर रानात मेंढरं बसवू नको." यांनी मान हलवली. घरी येऊन मला म्हणले, "माझ्या रानाला खत मिळालेलं बघवत न्हाई त्याला."

आमच्याकडं उन्हाळ्यात मेंढरं बसवायची जुनी रीत हाय. धनगराला ज्वारी द्यायची, त्यानं कळप रातभर आपल्या रानात कोंडायचा. लेंड्यांचं खत पिकाला लई मानवतं. निलंग्याकडनं ईश्वरप्पा धनगर दर साली यायचा. दिवसभर त्याची मेंढरं जुन्या गावातल्या बाभळीखाली शेंगा खात फिरायची, दिवस मावळला की आमच्या रानात.

अन् पाऊस पडला की सोयाबीनच्या तासात बाभळीची रोपं! उपटली तरी पुढच्या साली पुन्हा. आमच्याच न्हाई, मेंढरं बसवणाऱ्या सगळ्यांच्याच रानात. पण तेवढा विचार कोण करतो? मालक म्हणले, "बुडखा न्हाई तर झाड आलं कुठनं? पेरतोय तो. भट्टी चालली पाहिजे ना त्याची." भर उन्हात काठी घेऊन झुडपामागं दबा धरून बसले, जिलानीला पकडायला. जिलानी आला न्हाई. पाठीत मोडलेले काटे मात्र मला सुईनं काढावे लागले.

त्या सालात लातूर म्हणजे क्लासच्या पाट्याच पाट्या. गावोगावची पोरं डॉक्टर व्हायचं म्हणून तिथं खोल्या करून राहिलेली. जिलानीची धाकटी उजमा लई हुशार. तिलाबी त्यानं लातूरला ठेवलं. तिची खोली, तिचा क्लास, सगळं त्या भट्टीवर. भट्टी विझली तर पोरगी घरी, हे आख्ख्या गावाला ठाऊक होतं. यांनाबी ठाऊक होतं.

तरी ग्रामसभेत उभे राहिले. "जिलानी आपल्या रानात बाभळीचं बी टाकतोय," म्हणले. जिलानी एवढंच म्हणला, "भाऊ, तू माझ्याबद्दल असं बोलावं?" अन् उठून गेला. सगळ्यांच्याच रानात रोपं होती, त्यामुळं सगळ्यांना पटलं. त्याला लाकूड द्यायचं बंद झालं. भट्टी थंड पडली.

दिवाळीनंतर मी एसटी स्टँडवर होते. उजमा उतरली, खांद्यावर गादीची वळकटी. मी म्हणलं, "सुट्टी हाय का गं?" "न्हाई काकू. आता घरीच." तिच्या तोंडाकडं बघवंना मला. त्या दिवशी मी मालकांपुढं ताट आदळलं.

पुढच्या उन्हाळ्यात ईश्वरप्पा आला. निम्म्या रानात मेंढरं बसवून झाली, अन् यांनी सवयीनं त्याचं गाठोडं उचलून बघितलं. तो तापट गडी. "मला चोर समजता का?" म्हणून कळप हाकून निघून गेला. निम्मं रान तसंच राहिलं.

पाऊस झाला. मी खुरपायला गेले अन् बघतच राहिले. मेंढरं बसलेल्या निम्म्या रानात रोपंच रोपं, अन् दुसऱ्या निम्म्यात औषधाला एक न्हाई! साल झालं, जिलानीनं आमच्या बांधावर पाय ठेवला नव्हता. मी एक रोप उपटलं. मुळाशी लेंडी चिकटलेली. मालकांच्या हातावर ठेवलं, म्हणलं, "घ्या. हे कोण पेरून गेलं?"

ते खाली बसले. एकेक लेंडी फोडत राहिले. बी निघत होतं. मग कपाळावर हात मारून म्हणले, "तारा, त्यानं मला पहिल्याच साली सांगितलं होतं गं."

आता काय उपयोग! तरी पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत पुन्हा उभे राहिले, तेवढं मानलं मी. "मेंढरं मी बसवली, अक्कल माझी गेली, नाव जिलानीचं घेतलं," म्हणले. मग त्याच्या दारात गेले. "पोरीचं साल गेलं, भाऊ," जिलानी म्हणला. "भट्टी पेटली तर पुढल्या जूनला पाठवीन." बांधालगतची, उपटायची राहिलेली जुनी रोपं आता झाडं झाली होती. ती तोडायला येतो म्हणला.

आला. खांद्यावर पहार, हातात पिशवी. बांधावर आम्ही दोघं उभी. यांनी सवयीनं हात पुढं केला, "दे पिशवी." जिलानीनं दिली न्हाई. बांधावर पालथी केली. कुऱ्हाड, दोरी, फडक्यात बांधलेली भाकर. मग सदऱ्याचे खिसे उलटे करून दाखवले.

"बघ, भाऊ. बी न्हाई."

"जिलानी, लाजवू नको रे."

"नीट बघून घे." मग आवाज खाली आला त्याचा. "बोरमाळबी न्हाई."

मी कुणाला बोलले नव्हते, देवाशपथ. यांनीबी माझ्याशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे इतकी वर्षं त्याला सगळं दिसत होतं. आमच्या दारात आला की मुकाट्यानं पिशवी यांच्या हातात देत होता, जाताना परत घेत होता.

मालक बांधावर बसले अन् लहान लेकरागत रडले. जिलानीनं कुऱ्हाड, भाकर, दोरी पिशवीत भरली, पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवली अन् पहार घेऊन पहिल्या झाडाकडं गेला.