स्तमातामावशीच्या पलंगावरचं बटण

ग्रीसच्या एका बेटावरच्या आमच्या एर्मूपोलीत बाई घराबाहेर पडताना देवाचं नाव नंतर घेते, आधी विचारते, "बंब बंद केला का?" विजेचा बंब चालू राहिला तर घर पेटेल, ही भीती आम्ही आईच्या दुधाबरोबरच प्यायलेली. बंब, मग दिवे, मग कुलूप. त्यातून बेटावरचं ऊन असं की दिवसा दिवा चालू राहिला तरी कळत नाही. म्हणून भरवसा डोळ्यांवर नाही, बोटांवर. खोलीतून निघताना हात भिंतीवर जातो, आणि बटण चालू असलं की बोट ते आपोआप बंद करतं. समोरच्या स्तमातामावशीने आपल्या लेकीला, असिमिनाला, हे पाठीत धपाटे घालून शिकवलं.

मावशी जन्मभर लोकुमीच्या कारखान्यात होती. साखरेच्या पिठात लोळवलेल्या त्या मऊ वड्या खोक्यांत भरायच्या. अजूनही बोलताना तळवे झटकते. नवरा गेल्यापासून एकटी. गेल्या हिवाळ्यात पहाटे उठली. पलंग खोलीच्या एका टोकाला, दिव्याचं बटण दुसऱ्या टोकाला, दारापाशी. मधेच सतरंजीत पाय अडकला आणि मांडीचं हाड मोडलं. हाड जुळलं, हातात काठी आली, आणि समुद्रापलीकडच्या पिरेअस शहरातून असिमिना आली ती रिकामी बॅग घेऊनच.

"आता तू माझ्याकडे राहायचं. लिफ्ट आहे आमच्याकडे."

"लिफ्टमधून समुद्र दिसतो का गं?"

"आई, अंधारात परत पडलीस म्हणजे?"

"मग अंधाराला घालव की. मला कशाला घालवतेस?"

शेवटी ठरलं. ऑगस्टात येशूच्या आईच्या, मरियमच्या सणाला असिमिना येईल, तोवर पलंगावरून दिवा लागला पाहिजे. नाही लागला, तर मावशी मुकाट्याने बोटीत बसेल. मावशीने तसा शब्दच दिला.

वायरमन झान्नीसने भिंतीवर टकटक केलं आणि मान हलवली. "मावशी, नुसता दगड आणि चुना आहे हा. वायरीसाठी खाच पाडायला गेलो तर भिंत तुमच्या मांडीवर येईल."

"मांडी आत्ताच जुळलीय. दुसरं सांग."

दुसरंही होतं त्याच्याकडे. छताला दिवा टांगतात तिथल्या वाटीत एक छोटी डबी बसवायची. तिला हुकूम देणारं बटण वेगळं, त्याला ना वायर, ना सेल. ते दाबतानाच बोटाच्या जोरावर हुकूम पोचण्यापुरती वीज तयार होते. चिकटवा कुठेही.

"फक्त दाराजवळचं जुनं बटण काढून मागच्या वायरी कायमच्या जोडतो. ते कोणी बंद केलं तर वरची डबीच मरेल."

"ते बटण आमच्या ह्यांनी बसवलंय. त्याला हात लावायचा नाही. मी ते चालूच ठेवीन, झालं?"

"राहील चालू?"

"मी काय विसरभोळी आहे?"

झान्नीसने छतात डबी बसवली, नवं बटण पलंगाच्या कडेला चिकटवलं, कॉफी संपवली आणि तो गेला. मावशी तालमीला लागली. पलंगावरून, खुर्चीवरून, डोळे मिटून. समोर भाजी चिरताना मला तिच्या खिडकीत दिवा लुकलुकताना दिसायचा आणि माझंच डोकं गरगरायचं.

सणाच्या दुपारी असिमिनाने बॅग आणून आईच्या खोलीत ठेवली, उशी नीट केली आणि मला हाक मारायला बाहेर आली. आम्ही दोघी आत गेलो, खिडक्यांच्या झडपा लावून अंधार केला.

"हं, दाब."

मावशीने पलंगावर बसून दाबलं. टक्. काही नाही. पुन्हा टक्. काहीच नाही.

असिमिना जिंकली होती, पण डोळे तिचेच भरले. तिने कपाट उघडलं. "आई, शब्द दिलायस तू."

"दिलाय, आणि पाळीन. आधी एवढं सांग, मघाशी इथून बाहेर गेलीस तेव्हा हात कुठे गेला होता?"

असिमिना आपल्या हाताकडे बघत राहिली. मग दारापाशी जाऊन तिने बटण पुन्हा चालू केलं. मावशीने टक् केलं. दिवा लख्ख.

"बघ!"

"काय बघ? मी परत हेच करणार. ही शेजारीणही करणार."

खरंच होतं. माझं बोट तर तेव्हाच शिवशिवत होतं.

मावशीने तळवे झटकले. "झान्नीसला बोलव."

"आज? सणाचा दिवस आहे, आई!"

"सण मरियमचा आहे. तीही आईच आहे, समजून घेईल."

झान्नीस आला तो घास चावतच. मावशीने मुख्य बटण स्वतः जाऊन बंद केलं, पेचकस त्याच्या हातात दिला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. नवऱ्याचं बटण निघालं. ते तिने लोकुमीच्या खोक्यात, साखरेत ठेवलं. मागच्या वायरी जोडून झाल्या, वर झाकण बसलं, आणि नेमक्या त्याच जागी झान्नीसने बिनवायरीचं आणखी एक बटण चिकटवलं. आता कोणी कितीही दाबो, वरची डबी जागीच.

"जा बाहेर," मावशी लेकीला म्हणाली.

असिमिना निघाली, हात भिंतीवर गेला, दिवा गेला. पलंगावरून टक्, दिवा आला. दारातून बंद, पलंगावरून चालू. असं किती वेळ चाललं कोण जाणे. झान्नीस म्हणाला, "मावशी, मी जेवायला जाऊ का, की भांडण मिटवून जाऊ?"

सण उलटल्यावर असिमिना बोटीने परत गेली. बॅगेत लोकुमीची खोकी होती. आईचा कपडा एकही नव्हता. मी मावशीजवळ बसले होते तेव्हा बोटीवरून फोन आला, आवाज इतका मोठा की मलाही ऐकू आला.

"आई, अंघोळीनंतर मी बंब बंद केला का गं?"

मावशीने टक् करून दिवा लावला आणि काठी हातात घेतली.

"मी आहे ना घरात. बघते."