बहिणीची पिशवी

मंडळी, दुपारपासून कशातच लक्ष लागत नाहीये.

घरकाम करणाऱ्या बायकांवरच्या माझ्या डॉक्युमेंटरीसाठी आज गुरुग्रामच्या एका सोसायटीच्या गेटवर शूटिंग होतं. तिथली गार्ड सुनीता काम आटोपून निघणाऱ्या बायकांच्या पिशव्या तपासते. तिची बहीण रेखाही तिथेच कामाला आहे. एरवी सुनीता तिला तशीच सोडते.

आज कॅमेरा बघून तिने रेखाची पिशवी टेबलावर पालथी केली. पोळ्यांचा डबा, मुलीसाठी मिळालेला जुना फ्रॉक, सगळं बाहेर आलं.

“दीदी, मेरा भी?” म्हणत रेखा रडायला लागली. मी शूट करत राहिले.

मघाशी सुनीताचा फोन आला. “मॅडम, रेखा बात नहीं कर रही. वो वाला हटा दोगे ना?”

फिल्ममधला सगळ्यात जिवंत सीन तोच आहे. मी “देखती हूँ” म्हणाले.

तुम्ही काय म्हणाला असतात?