उत्तराआधीचे पेढे

हे मी आजवर कुणापुढे उघड केलेलं नाही. चर्चच्या पाळकांपुढे नाही, सख्ख्या बहिणीपुढे नाही. देवापुढे — त्याला काय सांगायचं, तो तर तेव्हा घरातच होता. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

दापोडीत आमच्या घरी दर शुक्रवारी बायकांची उपास-प्रार्थना भरते. मीच चालवते. प्रत्येकीनं आपलं मागणं चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं, मी ते वाचून दाखवायचं, सगळ्यांनी गुडघे टेकायचे. मागणं पूर्ण झालं की त्या बाईनं उभं राहून साक्ष द्यायची आणि पेढे वाटायचे. काहींवर पेढे वाटायची वेळ कधीच येत नाही, त्यांच्याविषयी कुणी बोलत नाही. मी त्यांतलीच. माझ्या नवऱ्याच्या किडन्या गेल्या तेव्हा याच बायकांनी तेल लावून, रडून प्रार्थना केल्या. तो गेला.

त्याला माती देऊन चार दिवस झाले नव्हते. एस्तेर माझ्याजवळ बसून म्हणाली, "बाई, आपलाच इस्वास कुटं तरी कमी पडला बगा." ती सगळ्यांना धरून बोलली, तिच्या मनात पाप नव्हतं. पण मला ते लागलं. आणि मी — मी काही विसरणाऱ्यातली नाही.

एस्तेर जालन्याकडची. महाळुंग्याला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायची. घरात ती आणि लेक सलोमी, दोघीच. सलोमी लहानपणी रविवारच्या शाळेत माझ्या हाताखाली शिकलेली. तिनं ती नोकरी करायची त्या कंपनीतल्या एका हिंदू मुलाशी परस्पर लग्न केलं, तेव्हा एस्तेरनं "मेलीस तू मला" म्हणून फोन आपटला आणि सिमसुद्धा मोडून टाकलं. राग दोन महिन्यांत ओसरला. पण लेकीचा नंबर त्या सिमबरोबर गेलेला, लेकीनं नोकरी सोडलेली, शोधायचं कुठे? मग दर शुक्रवारी डब्यात एकच चिठ्ठी — सलोमीचा फोन येवो.

एका शुक्रवारी ती पेढ्यांचा पुडा घेऊन उभी राहिली. फोन आला का, विचारलं. "अजून न्हाई. पर देवानं दिलंय, म्या घेतलंय." बायका हसल्या. बारशाआधीच पेढे का गं, असं कुणीतरी म्हणालं. मग सगळ्याच रडल्या. मीही एक पेढा खाल्ला. एवढा विश्वास कुठून आणतात ही माणसं? मला तिचा हेवा वाटला असं म्हणणं फार सभ्य होईल. मला तिचा संताप आला.

मंगळवारी फोन आला. माझ्या फोनवर. मी मेथी निवडत होते. सलोमी मोशीला राहत होती, तिला मुलगी झाली होती, तीन महिन्यांची. जुन्या टीचरचा नंबर तेवढा तिच्याकडे होता. "टीचर, आईला विचाराल? ये म्हणाली तर येते. नाही म्हणाली तर परत त्रास नाही देणार."

उद्या सांगते, म्हटलं. एस्तेरची खोली आमच्यापासून तीन गल्ल्यांवर. क्षणाचा मोह होता असं समजू नका — माझ्याकडे अख्खा दिवस होता. मी भाजी केली, जेवले, छान झोपले. दुसऱ्या दिवशी फोन लावून सांगितलं: विचारलं गं, ती म्हणते मला मुलगी नाही. मग तिनं माझे आभार मानले.

का केलं? पेढे वाटून चार दिवसांत तिला उत्तर, आणि मला? ते उत्तरही देवानं माझ्याच हाती द्यावं, ही कसली थट्टा? बस, एवढंच. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही.

आणि तेवढ्यावर मी थांबले नाही. वर्ष लोटलं, एस्तेर खंगत चालली, तेव्हा भर सभेत मी तिला म्हणाले की आगाऊ पेढे वाटणं हा विश्वास नव्हे, तो गर्व होता, म्हणून देवानं हात आखडला. तिनं गुडघे टेकून क्षमा मागितली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, अगदी पाणावल्या डोळ्यांनी. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात ना, तसं. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

सलोमीचा नंबर मी नंतर एकदाच लावला. पश्चात्ताप होऊन नव्हे — ती आईला कुठे भेटून बोलून टाकेल, या भीतीनं. तो बंद होता.

यंदा नाताळानंतर एस्तेरला दवाखान्यात ठेवलं. मी रोज जायचे, तिला मोसंबी सोलून द्यायचे. शेवटी शेवटी ती फोनबिन काही मागत नव्हती. एका दुपारी तिनं एवढंच विचारलं, "बाई, पोरगी जित्ती तरी असंल का वो?"

मला माहीत होतं. मोशी एका बसच्या अंतरावर. नात आता चार वर्षांची असेल. एक वाक्य बोलायचं होतं, आणि ऐकायला खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

मी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "देवाची इच्छा."

तिनं आमेन म्हटलं. पाचव्या दिवशी आम्ही तिला माती दिली. प्रार्थना मी केली.