आंब्याच्या खोडावर मोडलेला पंखा

आमचं गाव डिंभे धरणात गेलं तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. भाताची खाचरं पाण्याखाली गेली म्हणून त्यांनी जाळं हातात घेतलं. वल्हं मारून मारून त्यांचा उजवा खांदा पार कामातून गेला, तेव्हा मी होडीसाठी बॅटरीवरची छोटी मोटार आणली. मागच्या फळीला ती कसायची, दांडा पाण्यात सोडायचा, की त्याच्या टोकाचा प्लास्टिकचा पंखा फिरायला लागायचा. आवाज जवळजवळ नाहीच. आबा पुढं बसून पाण्याकडं बघत राहायचे.

पावसाळ्यानंतर भरल्या धरणात पंख्याला काहीच झालं नाही. जाळ्याचा तुटका दोरा तेवढा अधूनमधून गुंडाळायचा, तो मी पंखा काढून सोडवायचो. पण उन्हाळ्यात पाणी उतरलं आणि एका सकाळी होडीला खालून धक्का बसला. पंख्याचं एक पातं मोडून गेलं होतं.

आबांनी समोरचा डोंगर बघितला, मागचा सुळका बघितला.

"आपल्या दारचा आंबा हाय ह्यो," ते म्हणाले.

मी वाकून बघितलं. गढूळ पाण्यात काळं खोड अंधुक दिसत होतं. आबांनी बाही वर करून हात पाण्यात घातला आणि खोडावर ठेवला. बराच वेळ काढलाच नाही.

पंख्यासाठी मी ओतूरला गेलो. पंपांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात शेठजींनी तो उलटसुलट करून बघितला. "शेतीच्या मोटारीचं काय बी मागा, पावणं. असला पंखा नाय आपल्याकडं," म्हणाले आणि ओतकाम करणाऱ्याचा पत्ता दिला. त्यानं नमुन्यावरून अॅल्युमिनियमचा पंखा ओतून दिला. होडी ओढायला तो झकास होता, फक्त जड असल्यानं बॅटरी लवकर उतरायची. अडथळा आला की आधी तुटावी म्हणून बसवलेली पंख्यामागची नरम पिन सारखी तुटायला लागली, म्हणून मी तिथं पोलादी खिळा घातला. मग एक दिवस होडी पुन्हा कशाला तरी अडली. पंख्याला साधा ओरखडा नाही, पण दांडा वाकला आणि मोटार जागीच बंद पडली.

"मोडणाराच पंखा बरा व्हता," आबा म्हणाले. "त्यो मोडायचा, पर मोटार तरी ऱ्हायची."

दुरुस्तीनंतर मी कंपनीकडून मागवून पुन्हा प्लास्टिकचाच बसवला आणि एक जादा बरोबर ठेवला.

त्याच उन्हाळ्यात पाणी आणखी उतरलं. आबा म्हणाले, "मला घरी ने." मोटार वर घेऊन मी वल्हं मारलं, जमेल तसं. चिखलातून घराचं जोतं वर आलं होतं. आबा उतरले, अनवाणी चालत एका दगडापाशी गेले आणि त्यावर बसले. "हितं तुझी आई भात कांडायची," म्हणाले. आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. आम्ही तिथंच भाकरी खाल्ली. त्यांनी मला गोठा दाखवला, पाणवठ्याची वाट दाखवली. मला चिखलच दिसत होता, तरी मी बघत राहिलो. आपण इथं कधी राहिलो नाही याचं त्या दिवशी फार वाईट वाटलं.

आता आबा निमगाव सावाला, ताईकडं असतात. गुडघ्यांनी साथ सोडली, होडीत चढता येत नाही. तिथं दवाखाना जवळ आहे, ताई जपते. मी एकटाच जाळी टाकतो. धरणाच्या मध्यावर मोबाईलला रेंज येते, तिथं त्यांचा फोन लागतो.

परवा विचारलं, "पाणी कुठवर आलंय?"

"लई आहे आबा. खोडावर दोन पुरुष खोल तरी पाणी असंल."

"मोटार चालू हाय का?"

मी फोन पाण्याजवळ धरला. पंखा फिरत होता. मग परत कानाला लावला.

"आबा, मोटार बंद करू का?"

"नको," ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे चालू."

मी फोन पुन्हा पाण्याजवळ नेला. जाळी बघायची राहिली होती, पण मी तसाच वाकून बसून राहिलो.