आपोआप मिटणारं आरतीचं पुस्तक

१९७३ सालच्या जूनमधला दुसरा रविवार. मंजूर रक्कम सहाशे चाळीस रुपये. हजर माणसं तीन: आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, बाई आणि मी. बैठक डमडमला माझ्याच घरी झाली, म्हणजे चहाही माझाच.

बाई म्हणजे कलकत्त्यात जन्मभर शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या शिक्षिका. दिवाळीनंतर त्या पुतण्याकडे सांगलीला कायमच्या जाणार होत्या. इथं वाढलेली आमची मुलं आपसांत बंगालीत बोलतात आणि आरतीला नुसते ओठ हलवतात, हे त्यांना बघवत नसे. म्हणून जाण्यापूर्वी ठळक अक्षरांतलं आरत्यांचं पुस्तक काढायचं त्यांनी ठरवलं होतं. छापखाना हिंदी, त्याच्याकडे ‘ळ’ नव्हता, तर छपाईचे ‘ळ’चे शिशाचे खिळे त्यांनी पुण्याहून मागवले. त्यांची अट एकच होती. आरतीत दोन्ही हात टाळ्यांत नाहीतर झांजांत गुंतलेले असतात, तेव्हा पुस्तक सतरंजीवर आपलं आपण उघडं राहिलं पाहिजे.

अध्यक्ष मोठ्या हुद्द्यावर बदलून आलेले. हुद्द्याबरोबर सगळ्या विषयांचं ज्ञानही सरकार देतं, अशी त्यांची समजूत असावी. त्यांनी जाहीर केलं, “पानं तावावर आडवी लावली की ताव कमी लागतात. अडतीस रुपये वाचतात. मी छापखान्याला तसं सांगून टाकलंय.”

मी बँकेच्या स्टेशनरी विभागात होतो. वह्या, खातेपुस्तकं, त्यांचा कागद, हेच माझं रोजचं काम. मी म्हटलं, “साहेब, कागदाला दिशा असते. यंत्रावर तो ज्या बाजूला धावतो, त्या बाजूला त्याचे तंतू पडतात. ते शिवणीला समांतर हवेत. आडवे आले तर पान वळायला कुरकुरतं आणि पुस्तक मिटतं.” त्यांच्यासमोर मी जुनं वर्तमानपत्र फाडून दाखवलं. एका बाजूनं ते सरळ फाटलं, दुसऱ्या बाजूनं वेडंवाकडं.

“कागदाला काय लाकूड समजता?” ते हसले. “वह्या खरेदी करता म्हणून छपाईतले तज्ज्ञ झालात होय?”

“लाकडापासूनच होतो तो,” मी म्हटलं.

बाईंनी विचारलं, “पण साहेब, पुस्तक उघडं राहील ना?”

“बाई, पुस्तक आहे ते. दार नव्हे, दगड लावून उघडं ठेवायला.”

स्वतःच्या विनोदावर ते इतका वेळ हसले की माझी बिस्किटं संपली. मग त्यांनी सहीसाठी कागद पुढे केला. मी विरोध लिहून सही केली. त्यांनी तो वाचलाही नाही.

पुस्तकं आली ती ऐन पावसाळ्यात. कलकत्त्याची दमट हवा कागद पितो आणि तंतूंच्या आडव्या बाजूनं फुगतो. इथं ती बाजू नेमकी शिवणीच्या रेषेत आली होती. शिवणीनं जखडलेला कागद पसरणार कुठं? प्रत्येक पानाला शिवणीपाशी लाटा आल्या होत्या. अध्यक्ष म्हणाले, “हवेचा दोष.” जणू हवा कालच सियालदह स्टेशनावर उतरली होती.

चतुर्थीच्या संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये मुलं रांगेत बसली. प्रत्येकापुढं नवं पुस्तक. आरती सुरू झाली, हात टाळ्यांसाठी सुटले आणि पुस्तकं एकामागून एक मिटली. “आमारटा बंद होये गेलो!” एक मुलगी बंगालीत ओरडली, माझं मिटलं म्हणून. मुलं एका हातानं पान दाबायला लागली, टाळ्या बंद पडल्या. टाळ्या धरल्या की शब्द गेले. शेवटी पुन्हा नुसते ओठ हलू लागले. बाई समईजवळ उभ्या होत्या. त्यांनी आरती थांबवली नाही.

प्रसाद वाटताना अध्यक्षांनी तोडगा काढला. “प्रत्येकानं घरून एक वाटी आणावी. पानावर ठेवायला.”

“आणि वाटीखालचा मजकूर?” मी विचारलं.

“तेवढा पाठ करावा!”

बाई माझ्याकडे वळल्या. “तुमच्या बँकेचा बांधणीवाला शिवण कापून देईल?”

“देईल. पानं सुटी होतील.”

“होऊ देत. कोपऱ्याला भोक पाडून सैल दोरा घाला. पान पूर्ण मागं उलटलं की मिटायला उरेलच काय?”

आतला समास त्यांनी हट्टानं रुंद ठेवला होता, म्हणून अक्षर कापलं गेलं नाही. विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी पुस्तकं परत आली. गबाळी दिसत होती, सतरंजीवर मात्र पडून राहिली. मुलांनी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या आणि शब्द म्हटले, चुकतमाकत का होईना, मोठ्यानं. बाई त्यांच्यामागं फिरत होत्या. कुणाचंही पान त्यांना धरावं लागलं नाही.

अध्यक्ष भाषणाला उठले. “ही सुट्या पानांची आधुनिक बांधणी,” त्यांनी सुरुवात केली, “आपल्या मंडळानं...”

“साहेब,” बाई बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, “बांधणीवाला दाराशी उभा आहे. वाचवलेले अडतीस तुमच्याकडे आहेतच. वरचे सात खिशातून घाला.”

भाषण तिथंच राहिलं. छापखान्याचे सहाशे दोन आधीच चुकते झाले होते. त्याला सांगितलं होतं तसंच त्यानं छापलं होतं. पंचेचाळीस रुपये अध्यक्षांनी सगळ्यांदेखत बांधणीवाल्याच्या हातावर मोजले.