पाटाकडचं शेवाळ

आमी दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे शेवाळ काढणं. बारामतीच्या कॉलेजातल्या एका सरांनी काचेच्या पेटीत माती आन झाडं घालून बेडूक पाळले होते. पेटीत अंथरायला त्यांना रानातलं शेवाळ पाहिजे होतं. बायको विहिरीच्या पायऱ्यांवरचं शेवाळ खुरप्यानं अलगद सोडवत होती. मला घाई. मी उसाच्या पाटाकडचं खरवडून पिशवीत भरू लागलो.

"अवो, तितलं नका घेऊ. काल फवारणीचा पंप तुमी तितंच धुतलाय."

"शेवाळाला काय औषध चढतंय व्हय? तू पिशवी धर."

"शेवाळाला न्हाय, बेडकांना चढंल," ती म्हणाली. पण पिशवी धरली.

चार दिवसांनी तिच्या छातीत कळ आली आन दवाखान्याच्या वाटेवरच ती गेली.

तेराव्याला सर भेटायला आले. निघताना त्यांनी हळूच विचारलं, "आबा, ते शेवाळ कुठलं होतं? बेडूक सगळे मेले."

भावकी बसलेली होती. माझ्या तोंडून निघालं, "मला काय ठावं? पिशवी तिनं भरलेली."

एक चुलता म्हणाला, "बाईमाणसाला काय कळतंय त्यातलं!" मी त्यावरही मान डोलावली. मेलेल्या बाईवर आळ घातला मी, आन त्यातलं कळत होतं ते तिलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं बारामतीला गेलो. सरांच्या दारात उभा राहूनच सांगितलं, "ती नको म्हणत होती. मीच भरलं." मग परत येऊन चुलत्यापासून सुरुवात केली आन तेराव्याला बसलेल्या प्रत्येकाच्या दारात जाऊन तेच सांगितलं.